पक्का रंग आणि परतणारा रंग



रंग पक्का असावा, ही आपली फार जुनी अपेक्षा आहे. लुगडें घेतांना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो "रंग जाणार नाहीं ना?" हाच. घरीं आणल्यावर पदराचें टोंक ओलें करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिल्याशिवाय गृहिणीचें समाधान होत नाहीं. आज मी ज्या द्रव्यांविषयीं बोलणार आहें, त्यांचा गुण याच्या अगदीं उलट आहे. रंग जावा यासाठींच तीं तयार केलेलीं असतात; मात्र तो आपण सांगूं तेव्हां जावा आणि आपण सांगूं तेव्हां परत यावा, एवढी अट असते. सांगण्याचें काम वीज करते. या द्रव्यांपैकीं एका जातींत लोखंडासारख्या धातूचे अणु एका लांब साखळींत ओंवलेले असतात. अशा साखळीला धातुयुक्त पॉलिमर असें नांव आहे. पॉलिमर म्हणजे एकच घटक पुनःपुन्हां जोडला जाऊन बनलेला लांबलचक रेणु.

हा विषय प्रयोगशाळेंतल्या मंडळींचा, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. मी परळच्या भोईवाड्यांत राहतों. एके काळीं तेथून कोणत्याही दिशेला पाहिलें तरी गिरणीची चिमणी दिसे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जागेवर आज कांचेचे उंच मनोरे उभे आहेत. पश्चिमेचें ऊन त्या कांचेंतून आंत शिरतें. आंतील मंडळी खोल्या थंड ठेवण्यासाठीं यंत्रें चालवितात. आणि तीं यंत्रें आंतली उष्णता बाहेर रस्त्यावर टाकतात. ऊन आंत आल्यावर त्याच्याशीं झगडण्यापेक्षां कांचेनेंच तें दारांत अडवावें, ही कल्पना म्हणून मनाला पटते. जाहिरातींतून तिला "स्मार्ट कांच" असें नांव मिळालें आहे. त्या नांवामागें शास्त्र काय आहे, आणि त्यावर आपण विश्वास किती ठेवावा, या दोन गोष्टी आज पाहावयाच्या आहेत.

धातु आणि रंग यांचें नातें आपल्या स्वयंपाकघराला नवें नाहीं. आवळा लोखंडी कढईंत शिजविला कीं काळा पडतो. कच्चें केळें विळीवर चिरलें कीं बोटें काळीं होतात. आवळ्यांत व केळ्यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें; त्याची लोखंडाशीं गांठ पडली कीं काळा रंग उत्पन्न होतो. आपल्या पूर्वजांनीं या काळेपणाचाच उपयोग करून घेतला. सह्याद्रींतील हिरडा कुटून त्याचा काढा करावयाचा, त्यांत हिराकस घालावयाचा, कीं शाई तयार. हिराकस म्हणजे लोखंडाचेंच एक लवण. या शाईची एक मौज अशी, कीं ताजी असतांना ती फिकी असते आणि कागदावर वाळूं लागली कीं काळीभोर होते. लिहिणारा झोंपी गेला तरी अक्षर गडद होतच राहतें.

असें कां होतें? धातूच्या अणूजवळ इलेक्ट्रॉन नांवाचे विजेचे कण असतात. हिराकशींतील लोखंडाच्या प्रत्येक अणूनें दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. कागदावर हवेंतील प्राणवायु त्याच्याकडून आणखी एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. गेला तो एकच कण, पण त्या एका कणानें फिक्या द्रावणाची काळी शाई होते. हा व्यवहार मात्र एकतर्फी आहे. प्राणवायूनें नेलेला इलेक्ट्रॉन तो परत आणून देत नाहीं, म्हणून ही शाई पुन्हां पहिल्यासारखी फिकी होत नाहीं. आज आपण ज्या द्रव्यांचा विचार करीत आहों, त्यांत लोखंडाच्या एका इलेक्ट्रॉनची हीच ये-जा असते. फक्त नेणारा व आणणारा प्राणवायु नसून विजेची तार असते, आणि तार दोन्ही दिशांनीं चालते.

या गोष्टीला आमच्या भागाचा इतिहासही जोडलेला आहे. १८७९ सालीं नवरोजी वाडिया यांनीं बॉम्बे डाईंग कंपनी काढली. प्रारंभीं तिचा पसारा अगदीं लहान होता. देशांत कांतलेलें सूत हातानें रंगांत बुडवावयाचें आणि उन्हांत वाळत घालावयाचें, एवढाच उद्योग. रंग तीनच होते: तुर्की लाल, हिरवा आणि नारिंगी. यांतील तुर्की लाल हा धातूच्या साहाय्यानें बसणारा रंग. त्याचें मूळ द्रव्य अलिझारिन. पण तें एकटें सुतावर नीट धरत नाहीं. आधीं सुतावर तेल व तुरटी यांचा संस्कार करावा लागतो. तुरटींतला अल्युमिनियम एका हातानें सूत धरतो व दुसऱ्या हातानें रंग धरतो, म्हणून तो लाल धुतां धुतां कापड विरलें तरी जात नाहीं. पुढें याच कंपनीची स्प्रिंग मिल आमच्या शेजारीं नायगांवांत उभी राहिली.

गिरण्यांच्या रंगखात्यांना शिकलेलीं माणसें हवीं होतीं. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढला आणि त्यांत आरंभापासून कापडाचें रसायन शिकविलें जाऊं लागलें. माटुंग्याची आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ती हीच. रंगद्रव्यांचे जगद्विख्यात पंडित के. वेंकटरामन् यांनीं येथें अध्यापन केलें. कृत्रिम रंगांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९५७ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. सांगावयाचें तात्पर्य इतकेंच, कीं धातूच्या हातानें रंग पक्का कसा धरावा, ही विद्या परळ-माटुंग्याच्या मातींत रुजलेली आहे. धरलेला रंग सोडवून पुन्हां कसा धरावयाचा, हा तिचाच पुढचा धडा आहे.

या धड्याचें पहिलें पान फार जुनें निघालें. इसवी सन १७०६ च्या सुमारास बर्लिन शहरांत एक गडद निळा रंग योगायोगानें तयार झाला. त्याला प्रशियन निळा म्हणतात. १८४२ सालीं सर जॉन हर्शेल यांनीं सूर्यप्रकाशानें हा रंग कागदावर उमटविण्याची युक्ति शोधली, आणि त्यांतूनच इमारतींचे व यंत्रांचे निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा असलेले नकाशे निघाले. या निळ्या रंगाची रचना पाहिली तर लोखंडाचे अणु कर्ब व नत्र यांच्या लहान लहान दुव्यांनीं एकमेकांशीं जोडलेले दिसतात. उभें, आडवें, खोल, असें सर्व बाजूंनीं पसरलेलें जणूं एक जाळेंच. निम्म्याहून कांहीं अधिक अणु तीन इलेक्ट्रॉन गमावलेले, बाकीचे दोन गमावलेले. आणि या दोन जातींच्या अणूंमध्यें इलेक्ट्रॉनची जी देवघेव होऊं शकते, तींतून तो निळा रंग दिसतो. १९७८ सालीं नेफ नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें या रंगाचा पातळ थर विजेच्या पट्टीवर बसवून दाखविलें, कीं विजेनें तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन पुरविला तर निळा थर बिनरंगी होतो, आणि तो काढून घेतला तर पुन्हां निळा होतो. चित्रकारांच्या व नकाशे काढणाऱ्यांच्या हातांत असलेल्या जुन्या रंगाचा हा गुण असा पुढें आला.

प्रशियन निळ्याचें जाळें निसर्गतः जसें बनतें तसें घ्यावें लागतें. मनासारखी साखळी घडवावयाची तर धातूचा अणु आपल्याभोंवतीं सोबती कसे जमवितो, याचें ज्ञान हवें. तें ज्ञान आल्फ्रेड वेर्नर यांनीं १८९३ सालीं दिलें. धातूचा अणु आपल्याभोंवतीं ठराविक संख्येनें व ठराविक दिशांनींच सोबती धरतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठीं त्यांना १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लोखंडाचा अणु साधारणतः सहा सोबती धरतो. १९३२ सालीं इंग्लंडांत मॉर्गन आणि बर्स्टल यांनीं टर्पिरिडिन नांवाचें एक द्रव्य वेगळें केलें. त्याच्या रेणूंत नत्राचे तीन अणु अशा बेतानें बसलेले असतात, कीं जणूं तीन बोटांची चिमूटच. अशा दोन चिमटी दोन बाजूंनीं आल्या कीं लोखंडाचीं सहा स्थानें बरोबर भरतात.

आतां अशी कल्पना करा, कीं एकाच रेणूच्या दोन्ही टोंकांना अशी एकेक चिमूट आहे. त्याचें एक टोंक एका लोखंडाला धरील आणि दुसरें टोंक दुसऱ्या लोखंडाला. त्या दुसऱ्या लोखंडाची उरलेली बाजू दुसऱ्या एका रेणूची चिमूट धरील. मुलें हातांत हात घालून साखळी करतात, तशी ही साखळी वाढत जाते: रेणु, लोखंड, रेणु, लोखंड. हेंच तें धातुयुक्त पॉलिमर. जर्मनींत डिर्क कुर्थ यांनीं आणि जपानांत त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेंत मासायोशी हिगुची यांनीं अशा साखळ्यांचा अभ्यास केला. लोखंडाच्या साखळीचे विजेनें होणारे रंगपालट सविस्तर सांगणारा त्यांचा निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. हिगुची यांच्या पुढील निबंधांवर भारतीय तरुणांचीं नांवें वारंवार दिसतात, ही आपल्याला आनंदाची गोष्ट आहे.

या साखळीचा रंग गडद निळा-जांभळा असतो. मूळ रेणु जवळजवळ बिनरंगी. लोखंडाचें लवणही फिकट. पण दोन्ही एकत्र आले कीं दौतींत शाई ओतावी तसा रंग चढतो. त्याचें कारण असें. लोखंडाजवळचा एखादा इलेक्ट्रॉन पांढऱ्या प्रकाशांतील पिवळा-नारिंगी भाग गिळून शेजारच्या रेणूवर उडी घेतो. तो भाग वजा झाला, कीं उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना निळा-जांभळा दिसतो. आतां विजेनें लोखंडाच्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतला, तर उरलेले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट बांधले जातात. दृश्य प्रकाशाच्या बळावर ती उडी त्यांना साधत नाहीं. प्रकाश न अडतां पार जातो आणि थर स्वच्छ दिसूं लागतो. इलेक्ट्रॉन परत दिला कीं रंग परत.

येथें शाईशीं तुलना केली तर एक गंमत दिसेल. शाईंतलें लोखंड इलेक्ट्रॉन गमावतें तेव्हां काळें होतें. साखळींतलें लोखंड इलेक्ट्रॉन गमावतें तेव्हां बिनरंगी होतें. धातु तोच, बदल तोच, पण परिणाम उलट! कारण रंग एकट्या लोखंडाचा नसतो. लोखंड आणि त्याचा सोबती या दोघांच्या संसाराचा तो असतो. म्हणूनच सोबती बदलला तर रंग बदलतो, आणि धातु बदलला तरीही बदलतो. लोखंडाच्या जागीं रुथेनियम घातला तर साखळी तांबूस-नारिंगी होते. एकाच साखळींत दोन्ही धातु घातले, तर विजेचा दाब थोडाथोडा वाढवून एकामागून एक असे निरनिराळे रंग मिळवितां येतात.

इलेक्ट्रॉन गेला आणि आला तरी साखळी तुटत कशी नाहीं, असा प्रश्न तुमच्या मनांत येईल. आमच्या भोईवाड्याच्या नांवाला साजेसा दृष्टांत देतों. पालखींत बसणारा उतरला काय किंवा चढला काय, भोई खांद्यावरचा दांडा सोडीत नाहींत. तसे हे नत्राचे सहा हात लोखंडाला दोन्ही अवस्थांत जवळजवळ सारख्याच घट्टपणानें धरून असतात. मोडतोड न होतां एकच कण फिरतो, म्हणूनच रंगाची ये-जा झपाट्यानें आणि पुनःपुन्हां होऊं शकते.

खिडकीची कांच यापासून कशी करावयाची तें थोडक्यांत सांगतों. दोन कांचा घ्यावयाच्या. प्रत्येकीच्या आंतल्या अंगाला इंडियम व कथील यांच्या भस्माचा इतका पातळ लेप असतो, कीं तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण वीज वाहून नेतो. एका कांचेवर पॉलिमरचा थर देतात. हें पॉलिमर द्रवांत विरघळत असल्यामुळें तें भट्टीवांचून, साध्या फवाऱ्यानेंही लावतां येतें. कांचेऐवजीं लवचिक पत्राही चालतो. दोन कांचांच्या मध्यें क्षारयुक्त चिकट गर भरतात. त्यांतून इलेक्ट्रॉन जात नाहींत, पण विद्युद्भार असलेले क्षारांचे कण जातात. साखळींतून इलेक्ट्रॉन निघून गेला, कीं तिचा हिशेब जुळविण्यासाठीं गरांतील उलट भाराचा एक कण आंत येऊन बसतो. इलेक्ट्रॉन परत आला कीं तो बाहेर निघतो. एवढ्यासाठीं लागणारा विजेचा दाब हातांतल्या विजेरीच्या दोन सेलांइतका, म्हणजे सुमारें तीन व्होल्ट. शिवाय वीज लागते ती पालटण्याच्या वेळीं. पालटून झाल्यावर कळ बंद केली तरी रंग कांहीं काळ तसाच राहतो. दिवा सतत वीज खातो. ही कांच घांस घेते आणि स्वस्थ बसते.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. आमच्या चाळींतील एक तरुण अशाच एका मनोऱ्यांतील कचेरींत नोकरीस आहे. तो मला म्हणाला, "मास्तर, आमच्या साहेबांच्या खोलीची कांच कळ दाबली कीं दुधासारखी पांढरी होते. ती हीच ना?" ती ही नव्हे. त्या कांचेंत द्रवस्फटिकाचे सूक्ष्म थेंब असतात. वीज चालू असेपर्यंत ते सरळ उभे राहून प्रकाश जाऊं देतात, आणि वीज बंद होतांच वेडेवांकडे होऊन प्रकाश विखुरतात. तेथें पडदा मिळतो, ऊन मात्र फारसें अडत नाहीं. उन्हांत आपोआप काळा होणारा चष्माही निराळा. त्याला वीज लागत नाहीं आणि आपला हुकूमही तो ऐकत नाहीं. खरी बहीण पाहावयाची तर विमानांत पाहावी. बोइंग ७८७ जातीचीं विमानें २०११ पासून प्रवाशांची वाहतूक करीत आहेत आणि एअर इंडियाकडे तीं २०१२ पासून आहेत. त्यांच्या खिडकीला झांपण नसतें. खालची कळ दाबली कीं कांच हळूहळू निळी-काळी होत जाते. तेथील द्रव्य धातूच्या साखळीचें नाहीं, पण इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन रंग पालटण्याचें तत्त्व तेंच आहे.

या तत्त्वाचा आधुनिक अभ्यास सुरू करण्याचें श्रेय ज्यांना दिलें जातें, ते सत्येन देब हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेंत काम करीत असतां १९६९ सालीं त्यांनीं टंगस्टन धातूच्या भस्माच्या थरावर विजेनें निळा रंग आणून दाखविला. टंगस्टन म्हणजे जुन्या विजेच्या दिव्यांतील तारेचा धातु. आपल्या महाराष्ट्रांतही हें काम झालें आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत, पदार्थविज्ञान विभागाच्या प्रयोगशाळेंत, प्रा. पी. एस. पाटील आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं तापलेल्या कांचेवर द्रावणाचा फवारा मारून टंगस्टन-भस्माचे असे थर तयार केले व त्यांचे गुणधर्म मोजून प्रसिद्ध केले. टंगस्टनचा थर कणखर असतो. पॉलिमरचा थर लावण्यास सोपा, पालटण्यास चपळ आणि रंगांच्या बाबतींत उदार असतो. दोहोंत श्रेष्ठ कोण, याचा निकाल कोणत्या कामासाठीं तें हवें यावर अवलंबून राहील.

आतां विश्वासाच्या प्रश्नाकडे वळतों. पक्क्या रंगाची कसोटी धुण्यांत होती. परतणाऱ्या रंगाची कसोटी परतण्यांत आहे. साधा हिशेब करूं. घरची खिडकी दिवसांतून चार वेळां पालटली, तर वर्षाला १४६० पालट झाले, आणि वीस वर्षांत २९२००. कांच ही बदलण्याची वस्तु नव्हे. भिंतींत एकदां बसली कीं वीस वर्षें राहावयाची. तेव्हां तीस हजाराव्या वेळींही रंग पहिल्याइतकाच गडद येतो काय आणि पहिल्याइतकाच निःशेष जातो काय, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. प्रयोगशाळेंतील नखाएवढ्या तुकड्यावर जें साधतें, तें दरवाजाएवढ्या कांचेवर सहजीं साधत नाहीं. मोठ्या कांचेंत वीज कडेकडून मध्याकडे पोंचेपर्यंत वेळ लागतो आणि रंग कडेला आधीं, मध्यें मागाहून चढतो. त्यांत आपली हवा! चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या मुंबईंत कांचेच्या कडा किती निर्दोष बंद केल्या आहेत, यावर आंतील गराचें आयुष्य ठरेल.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. काळोख आणि थंडावा या दोन गोष्टी एक नव्हेत. सूर्याकडून येणाऱ्या शक्तीपैकीं जवळजवळ अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा असतो. आपल्या लोखंडी साखळीचा रंग पिवळा-नारिंगी प्रकाश गिळतो. न दिसणारे उष्ण किरण तिच्यामधून बहुतांशीं निघून जातात. ते अडविण्यासाठीं दुसऱ्या द्रव्याचा वेगळा थर लागतो. शिवाय जो प्रकाश कांच गिळते, त्याची उष्णता होऊन कांच स्वतः तापते, आणि तापलेली कांच खोलीला ऊब देत राहते. स्वच्छ आकाशांत सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारें १००० वॅट शक्ति पडते. पश्चिमेच्या भिंतींतील दोन चौरस मीटरच्या खिडकीवर चैत्र-वैशाखांतील चार वाजतांचें ऊन पडलें, कीं खोलींत एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखें होतें. ही इस्त्री बंद होते कीं तिच्यावर नुसतें निळें फडकें टाकलें जातें, हें विकत घेणाऱ्यानें विचारून घ्यावें. "कांच किती काळी होते" असें न विचारतां "उष्णता किती अडते" असें विचारावें, आणि उत्तर आंकड्यांत मागावें.

आपल्या जुन्या चाळी बांधणाऱ्यांना इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता. पण खोलीपुढें सज्जा हवा, खिडकीवर छज्जा हवा, आणि खिडकीला झिलमिल हवी, एवढें त्यांना ठाऊक होतें. छज्जा ऊन बाहेरच्या बाहेर अडवितो, ही त्याची थोरवी. पावसाळ्यांत तो गळत नाहीं आणि विजेचें बिलही वाढवीत नाहीं. पश्चिम क्षितिजाकडे कललेलें ऊन मात्र छज्ज्याखालून आंत घुसतें. तेथें झिलमिल लावावी तर उजेड व वारा दोन्ही जातात. पालटत्या कांचेचें खरें स्थान या अडचणींत आहे. आधीं सावली, मग झिलमिल, आणि जेथें उजेडही हवा व ऊन नको अशी पंचाईत असेल तेथें ही कांच, असा क्रम मला योग्य वाटतो. उघड्या भिंतींवर आधीं कांचच कांच लावावयाची आणि मग ती रंगवून शहाणी करावयाची, हा उलटा क्रम झाला.

ही पंचाईत कोणाची सर्वांत मोठी आहे, याचाही विचार व्हावा. परळ हें जसें गिरण्यांचें, तसें रुग्णालयांचें गांव. १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा मेमोरियल येथें उभीं आहेत. खाटेवर पडलेल्या रोग्याला उठून पडदा ओढतां येत नाहीं. त्याला उजेड हवा असतो, पण डोळ्यांवर येणारी तिरीप नको असते. दुपारच्या वर्गांत फळ्यावर ऊन चमकतें तेव्हां मागच्या बांकांवरील मुलांना अक्षर दिसत नाहीं, आणि खिडक्या लावाव्या तर वर्ग काळोखतो. चाळीस वर्षें मीं हें पाहिलें आहे. उंच मनोऱ्यांतील साहेबांच्या खोल्यांआधीं अशा खोल्यांना ही कांच मिळाली, तर या शास्त्राचें सार्थक होईल. किंमत हा त्यांतील मोठा अडसर आहे. पण त्या किंमतींत धातूचा वांटा पाहिला तर लोखंड काय, अगदीं स्वस्त! महाग आहे तें इंडियमचा लेप, कडा बंद करण्याचें कौशल्य आणि तीस हजार पालटांची हमी. ही सर्व कामें हातांचीं व बुद्धीचीं आहेत. आणि हात व बुद्धि यांची वाण या शहराला कधीं नव्हती.

म्हणून शेवटीं तरुण श्रोत्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शास्त्र गेलेलें नाहीं. तरी हिरड्याच्या शाईपासून या कांचेपर्यंतची वाट मला चालतां आली, कारण ती एका लोखंडाच्या अणूभोंवतींच फिरते. तुमच्या हातीं माटुंगें आहे, पुणें आहे, कोल्हापूर आहे. तुमच्या आजोबांनीं रंगखात्यांत उभें राहून रंग सुतावर बसविला, आणि तो बसला कीं नाहीं याची परीक्षा पाण्यानें घेतली. तुम्हीं बसविलेल्या रंगाची परीक्षा वीस वर्षांचें ऊन आणि वीस पावसाळे घेतील. त्या परीक्षेची तयारी असेल तरच या कामाला हात घाला. आणि असेल तर अवश्य घाला.